केसरीशेठांनी रेड्याला पायऱ्या केल्या

केसरीनाथ मढवी यांना दुसऱ्याचे कष्ट बघवत नसत. हा त्यांचा गुण म्हणून सांगत नाही. खाडीकाठच्या खारदिव्यात तो उपद्रव म्हणूनच ओळखला जाई. एखादी बाई डोक्यावर मासळीची पाटी घेऊन भिवंडीच्या बाजाराला निघालेली दिसली की शेठ जीप थांबवत, तिला पाटीसकट आत बसवत, आणि मग आठवडाभर त्या जीपमध्ये घरातलं दुसरं कुणी बसत नसे. कुणी मोटारसायकल स्टँडवर चढवत असला की हे मागून जोर लावत आणि गाडी पलीकडच्या अंगाला आडवी होई. गावदेवीच्या देवळाला मोजून तीन पायऱ्या. म्हाताऱ्यांना आधार हवा म्हणून शेठनी त्यांना दोन्ही बाजूंनी स्टीलचे कठडे बसवले. तेव्हापासून पालखी दारातून तिरकी काढावी लागते आणि दर वर्षी त्यावरून वाजतं. पण माणूस मनाचा इतका चांगला की त्याच्यावर धड रागावताही येत नसे, आणि खरी पंचाईत तीच होती.

हे खूळ लहानपणीचं. आई-वडील दोघंही मिठागरावर राबणारे. ओल्या बांधावरून मिठाच्या पाट्या वाहून आईच्या टाचांना पडलेल्या भेगा, आणि त्या भेगांत मीठ गेलं की तिचा आवळलेला जबडा, हे केसरीनाथांनी रोज पाहिलं होतं. मोठा झालो की हिला काडी उचलू देणार नाही, असं त्यांनी तेव्हाच मनाशी ठरवून टाकलं. पुढे काल्हेर-कशेळीकडून गोडाऊनं सरकत सरकत खारदिव्यापर्यंत आली, मढव्यांच्या खारजमिनीवर कंटेनर उभे राहू लागले, पोराचा शेठ झाला, घराला बाहेरून टाइल्स लागल्या. काडी उचलायची खरंच गरज उरली नाही.

फक्त हे धोंडूबाईंना कुणी पटवून दिलं नव्हतं. ओहोटी लागली की सत्तरी उलटलेली ही बाई मागच्या दाराने टोपली घेऊन खाडीत उतरायची आणि खडकांना चिकटलेली कालवं काढत बसायची. आई, सांग किती हवीत, टेम्पो भरून आणतो, असं शेठ म्हणून थकले. शेवटी त्यांनी मागच्या दाराला कुलूप घातलं. त्याचा परिणाम एवढाच झाला की धोंडूबाई पुढच्या दाराने, ओटा उतरून, अख्ख्या गावादेखत टोपली मिरवत जाऊ लागल्या.

अशा माणसाच्या गावात दोन हजार सहाच्या हिवाळ्यात ती पोरं आली.

पाठीला गाद्या बांधलेली पाच-सहा पोरंपोरी एस.टी.तून उतरून खाडीकडे चालली, तेव्हा त्यांना प्रथम पाहिलं ते शेठच्या पत्नीने, रंगूबाईंनी. त्यांनी गॅलरीतून हाक मारून विचारलं की जुन्या गाद्या पिंजून देता का. त्या घोळक्यातली पुढारी मुलगी मृणाली, ठाण्याला फिजिओथेरपिस्ट. तिने न हसता सांगितलं की या गाद्या झोपायच्या नाहीत, पडायच्या आहेत. दोराबिरा न लावता ठेंगण्या खडकांवर चढायचं आणि हात सुटला तर खाली गादीवर पडायचं, याला बोल्डरिंग म्हणतात. रंगूबाईंना एवढंच कळलं की ठाण्याची शिकलेली माणसं पडायला खारदिव्यात आली आहेत.

पोरं मात्र रीतीची निघाली. खडकाला हात लावायच्या आधी परवानगी मागायला सरपंचाकडे गेली. सरपंचाने त्यांना शेठकडे धाडलं आणि शेठनी आईकडे, कारण त्या खडकांत गावातलं दुसरं कुणी जातच नव्हतं. धोंडूबाईंनी ओट्यावर पाय पसरून अटी सांगितल्या. शेंदूर लावलेल्या खडकावर चढायचं नाही. कालवांवर पाय द्यायचा नाही, गादी टाकायची नाही. भरती चढायच्या आधी निघायचं आणि आपली घाण आपल्या पिशवीत न्यायची. मृणाली म्हणाली, आजी, यातले बरेचसे नियम आमचेही आहेत. धोंडूबाईंना ही मुलगी तिथल्या तिथे आवडली.

शेठ मात्र पहिल्याच रविवारी बेचैन झाले. खडकांत सर्वांत मोठा तो रेडा: खाडीकडे पाठ करून बसलेला, काळा कुळकुळीत. त्याची मागची बाजू उतरती, शेळ्या रमतगमत वर जातात. पुढची बाजू, म्हणजे मान, बाहेर झुकलेली. तिथे वर अर्ध्या बोटाची एक भेग आणि पायाला जवळजवळ काही नाही. आणि देवेश नावाचा एक सडपातळ पोरगा नेमका त्या मानेवर चढायला बघत होता. हाताला पांढरी पूड चोळायचा, भेगेत बोटं अडकवायचा, वर जायचा आणि धपकन पडायचा. बाकीची पोरं खाली हात वर करून त्याला सावरायला उभी. शेठ काठावर खुर्ची टाकून बसले होते. दर वेळी देवेश पडला की त्यांच्याच तोंडून आई गं निघायचं.

त्यांनी सौम्यपणे सुचवलं की मागून वाट आहे. पोरांना ठाऊक होतं. मग पुढून कशाला, असं शेठनी विचारलं, तेव्हा मृणाली म्हणाली, "काका, मागून गेलं तर वर जाणं होतं. चढणं होत नाही."

शेठनी मान डोलावली. कळलं काहीच नव्हतं. पुढच्या रविवारी त्यांनी मंडपवाल्याकडून मोठी शिडी आणवून रेड्याला लावून ठेवली. पोरांनी आभार मानले आणि शिडी उचलून बाजूला ठेवली. त्याच्या पुढच्या रविवारी त्यांनी गावचं गोविंदा पथक बोलावलं. बनियन घातलेले दांडगे बाप्ये रेड्यापुढे थर लावून तयार उभे. देवेशने फक्त खांद्यावर पाय द्यायचा. देवेशने हात जोडले. पथकाला उगाच जमल्याचं वाईट वाटू नये म्हणून मग मृणालीच त्यांच्याबरोबर एक थर चढली, वरून गावाला नमस्कार केला आणि उतरली. पथक खूश होऊन गेलं. शेठचं समाधान झालं नाही. देवेशची बोटं सोललेलीच होती.

हिवाळाभर हे चाललं. देवेश कधी भेगेपर्यंत जाई, कधी भेगेच्या वर. माघ सरता सरता एका रविवारी त्याचा हात माथ्याच्या कडेला लागला, पाय सुटला आणि तो खाली आला. पोरांनी जल्लोष केला, पुढच्या खेपेला नक्की म्हणून. शेठना त्यात जल्लोषाचं काय आहे ते दिसेना. पोरगं पडलं आणि ही नाचतात. त्या रात्री त्यांना जेवण गेलं नाही.

सोमवारी त्यांनी रामनाथला गाठलं. रामनाथ म्हणजे पंचक्रोशीतल्या पाट्या-वरवंट्यांना टाकी लावणारा माणूस. दगड त्याच्या हातात मऊ होतो म्हणत. शेठनी त्याला ओहोटीला रेड्यापुढे नेलं आणि मानेवर खडूने खुणा करून दिल्या. दोन-तीन ओहोट्यांत काम झालं. पाय नीट मावेल अशा, कडा गोल केलेल्या, झोकदार चार खाचा. रामनाथने आपल्या मनाने सर्वांत वरच्या खाचेत आडव्या रेघाही मारल्या, पाय घसरू नये म्हणून. शेठनी त्याच्या पाठीवर थाप मारली. एवढं सुंदर काम आपण देवळाचं कधी केलं नाही, असं त्यांना वाटून गेलं.

रविवारी पोरं आली तेव्हा रेड्याला लाल फीत बांधलेली होती. वर दोन बांबूंवर फ्लेक्स: गिर्यारोहक बंधू-भगिनींचे खारदिवे नगरीत सहर्ष स्वागत. स्टुलावर ताटात कात्री, नारळ, पेढे. मृणालीला प्रमुख पाहुणी नेमलेलं होतं आणि रंगूबाई हार घेऊन उभ्या होत्या. शेठनी छोटंसं भाषण केलं. त्यात ते म्हणाले की तरुण पिढीचे हाल आपल्याला बघवले नाहीत, म्हणून हे फूल ना फुलाची पाकळी; आणि लोकांची मागणी असल्यास पुढच्या वर्षी रेलिंग.

टाळ्या शेठच्याच दोन माणसांनी वाजवल्या. पोरं खाचांकडे बघत उभी होती. देवेश गादीवर बसला, त्याने पायात चढवलेले बूट पुन्हा काढले आणि हातात धरून ठेवले. तो रडत नव्हता, पण त्याच्याकडे बघवतही नव्हतं. रंगूबाई हार तसाच धरून एकदा नवऱ्याकडे, एकदा मृणालीकडे बघू लागल्या.

मृणालीने फीत कापली नाही. तिने एक पेढा घेतला, कारण ती चांगल्या घरची होती, आणि मग सांगितलं, "काका, तुम्ही वाईट मनाने केलं नाही, ते कळतंय आम्हाला. पण दगड परत वाढत नाही हो." चढायला येणारा माणूस खडकाला काही जोडत नाही आणि त्याचं काही काढत नाही, हा आमचा पहिला नियम, जमत नसेल तर आपण वाढायचं, खडकाला कमी करायचं नाही, असं ती हळू आवाजात म्हणाली. मग पोरांनी गाद्या पाठीला बांधल्या आणि ती निघून गेली. पेढे गोडाऊनच्या हमालांनी संपवले.

त्यानंतरचे काही रविवार कुणी आलं नाही.

शेठ आधी रागावले. या जगात उपकाराची किंमत नाही, असं त्यांनी घरात, देवळात आणि न्हाव्याकडे सांगितलं. मग त्यांनी मृणालीला फोन करून खाचा सिमेंटने बुजवून द्यायची तयारी दाखवली. काळा रंग मिसळू, ओळखूही येणार नाही. मृणालीने कळवळून नको म्हटलं. ती म्हणाली की एक जखम झालीय, आता तिच्यावर दुसरी नको. जखम हा शब्द शेठना लागला. आयुष्यात त्यांनी सगळ्यांच्या जखमांवर हळद लावली होती. आपल्या हातून झालेली ही पहिली.

राग ओसरला आणि नुसतं वाईट वाटू लागलं. रविवारी ते खुर्ची घेऊन काठावर जात आणि रिकाम्या खडकांकडे बघत बसत. अशाच एका सकाळी समोर धोंडूबाई कालवं काढत होत्या. टोपली भरत आलेली, पाय चिखलात पोटऱ्यांपर्यंत. शेठ सवयीने धावले, चिखलात शिरले, टोपली हिसकायला लागले. धोंडूबाईंनी टोपली सोडली नाही.

"केसऱ्या, मना कालवां पायजेत म्हनून मी येतंय काय?" त्या म्हणाल्या. "मना येयाचा हाय म्हनून येतंय. माझ्या पायान् जोर हाय तवर येनार. तू माझा काम घेतलास तं माझ्याकरं राहील काय?"

शेठ टोपलीला धरून तसेच उभे राहिले. मिठाच्या पाट्या तिच्यावर लादलेल्या होत्या, ही टोपली तिने उचलली होती; आणि इतकी वर्षं आपण दोन्ही एकाच मापाने मोजत आलो, हे त्यांना पन्नाशीच्या उंबरठ्यावर, गुडघाभर चिखलात, पहिल्यांदा कळलं. त्यांनी हळूच हात काढून घेतला. आईकडे बघण्यापेक्षा बरं म्हणून ते रेड्याकडे गेले आणि त्यांनी त्याच्या मानेवर हात ठेवला. भेगेत बोटं घालून बघितली. मग, का कोण जाणे, चपलांसकट एक पाय वर टाकला. पुढच्या क्षणी ते पाठीवर चिखलात होते आणि धोंडूबाई टोपलीला धरून हसत होत्या. शेठनी उठून परत प्रयत्न केला. परत पडले. त्या सकाळी ते घरी गेले तेव्हा रंगूबाईंनी त्यांना अंगणातच पाइपने धुतलं, पण नवऱ्याच्या चेहऱ्यावर काय होतं ते त्यांना ओळखता आलं नाही. हावरेपणा होता. रेड्याचा माथा शेठना आता स्वतःला हवा होता, आणि तो पुढून हवा होता.

त्याच आठवड्यात ते ठाण्याला मृणालीच्या दवाखान्यात गेले. जाताना त्यांनी मिठाईचा बॉक्स घेतला होता, तो धोंडूबाईंनी दारातच काढून घेतला. तेव्हा शेठ मोकळ्या हातांनी गेले, जे त्यांना फार जड गेलं. ते म्हणाले, चुकलं. मी काही देत नाही, काही करत नाही, तुम्ही या फक्त. आणि मग खाली बघून विचारलं की माझ्या मापाचे ते बूट मिळतात का.

पोरं आली. खाचांचं काय करायचं यावर देवेशनेच तोडगा काढला: त्या नाहीतच असं धरायचं. ज्याचा पाय खाचेला लागेल तो बाद, खाली उतरायचं. पंच कोण, तर खुर्ची टाकून शेठ.

इथून पोरांचे हाल सुरू झाले. मदतीच्या खुळाने जो माणूस असह्य होता तो नियमांच्या खुळाने दुप्पट झाला. कुणाचा बूट खाचेपासून चार बोटं लांब असला तरी हे शिट्टी फुंकायचे. देवेशला त्यांनी इतक्यांदा बाद केलं की तो एकदा म्हणाला, काका, त्यापेक्षा खाचा बऱ्या होत्या. निघताना खडकावरची पांढरी पूड साफ करायची असते हे कळल्यावर शेठनी घरातल्या सगळ्यांचे टूथब्रश आणले. मढव्यांचा शेठ रेड्याचे दात घासतो, ही बातमी पडघ्यापर्यंत गेली. कालवांवर कुणी पाय दिला तर ते आईला हाक मारत. सहलीला आलेल्या मंडळींनी बाटल्या फोडल्या तेव्हा त्यांनी एकेक काच वेचून घेतल्याशिवाय त्यांची गाडी हलू दिली नाही. निवडणुकीत एका उमेदवाराचा रंगारी रेड्यावर नाव घालायला आला. तो त्यांच्याच आतेभावाचा माणूस होता. शेठनी त्याचा डबा खाडीकाठी न सांडता, नीट झाकण लावून, आतेभावाच्या दारात नेऊन ठेवला.

पुढच्या हिवाळ्यात देवेश चढला. एकाही खाचेला न शिवता वर उभा राहिला आणि त्याने पहिल्यांदा पंचाकडे बघितलं. शेठनी शिट्टी तोंडातून काढून डोळे पुसले. मग ते खुर्चीवरून उठले, ते बूट चढवायला.

बूट नवरदेवाच्या जोड्यांसारखे चावायचे. पोट खडकाला आधी लागायचं आणि हात नंतर. मृणालीने त्यांना आधी छोट्या खडकांवर घातलं, पडायला शिकवलं, आणि तेल-तुपावर असा पहारा बसवला की रंगूबाई त्या मुलीला घरातली सासू म्हणू लागल्या. दिवसचे दिवस शेठ पडत होते. त्यांना सावरायला खाली दोघं पुरत नसत. गोविंदा पथकातले दोघं-तिघं येऊन उभे राहत. पण दर महिन्याला ते वीतभर वर सरकत होते. कधी नव्हे ते कुणाला काही न देता, कुणासाठी काही न करता, त्यांना आनंद होत होता, आणि याची त्यांना थोडी लाजही वाटे.

दोन हजार नऊचा जानेवारी. ओहोटी लागलेली, खडक कोरडे, धोंडूबाई पलीकडे पाठ करून कालवं काढताहेत. शेठनी हातांना पूड चोळली आणि रेड्याच्या मानेला लागले. भेग आली. भेगेच्या वर गेले. खाली पोरांनी गाद्या सरकवून घेतल्या. डावा हात माथ्याच्या कडेला लागला, मग उजवा. दोन्ही हात वर. आता फक्त पोट ओढून घ्यायचं राहिलं होतं, आणि खाली एकच कल्लोळ उठला. देवेश तर उड्या मारत होता. मृणालीने तोंडावर हात ठेवला होता. धोंडूबाई वळून उभ्या राहिल्या.

शेठ तसेच लटकलेले होते. वर जात नव्हते. त्यांचा उजवा पाय घसरून कशावर तरी टेकला होता. तळव्याला गोल कड जाणवत होती आणि आडव्या रेघा. खालून हे कुणाला दिसणं शक्य नव्हतं. मध्ये पोट होतं. पंचाची खुर्ची रिकामी होती. माथ्यावरचं गवत त्यांच्या नाकाला लागत होतं.

"पाय लागला," शेठ म्हणाले.

कल्लोळात कुणाला ऐकू गेलं नाही. देवेश खालून ओरडला, "काका, ओढा, झालंच."

"न्हाय झाला. पाय लागला," ते म्हणाले आणि त्यांनी दोन्ही हात सोडले.

गादीवर ते असे आदळले की आजूबाजूचे बगळे उडाले. सगळे धावले. दोघातिघांनी हात पुढे केले. देवेशने खाकेत हात घालायला सुरुवातही केली. शेठनी त्याचा हात बाजूला केला. ते कुशीवर वळले, गुडघ्यावर आले, धापा टाकत उभे राहिले. कुणी त्यांना शिवलं नाही. धोंडूबाईंनी लांबूनच एकदा मान हलवली आणि परत कालवांकडे वाकल्या. शेठनी पँटीवर हात पुसले, पूड चोळली आणि म्हणाले, "भरतीला वेल हाय अजून. सरका जरा."